धुराची चव आणि घराची पाळी

प्रवासाहून परतलेल्या मराठी माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. काय पाहिले, आणि जेवणाचे काय केले? जर्मनीतील फ्रँकोनिया प्रांत हिंडून आम्ही उभयता इंदूरला परतलो तेव्हा तिसराही प्रश्न आला, आणि तो जरा आवाज खाली आणून विचारला गेला. “म्हणजे तुम्ही दोघे खरोखरच बिअरच्या भट्ट्या पाहत फिरलात?”

होय, फिरलो. पाहिल्या तशा चाखल्याही. मद्यपानाची भलावण करणे हा या लेखाचा हेतू नाही. ज्यांचे व्रत असेल त्यांनी ते सुखाने पाळावे. पण एखाद्या मुलखाची चव शेकडो वर्षे कशी टिकते, राज्य गेले, राजा गेला, तरी ती मागे कशी राहते, हा प्रश्न इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपणा मंडळींना परका नाही. त्याचे थोडेबहुत उत्तर मला या भटकंतीत मिळाले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त न्यूरेंबर्गला असतात. त्यांची मोटार आम्ही पाच दिवसांसाठी मागून घेतली. निघण्यापूर्वी सौ.ने एक नियम घालून दिला. ज्याच्या हाती चाक, त्याच्या हाती पेला नाही. तिथल्या कायद्याने रक्तात दर हजारी अर्ध्या भागापर्यंत मद्य चालते, सौ.च्या कायद्याने थेंबही चालत नाही. तेव्हा एक दिवस मी चालवायचे आणि तिने चाखायचे, दुसऱ्या दिवशी उलट, आणि मुक्कामाला मोटार उभी केली की दोघांनी मिळून एक पेला घ्यायचा, असा करार ठरला. तो शेवटपर्यंत पाळला गेला.

फ्रँकोनिया हा बव्हेरियाचा उत्तरेकडचा भाग. त्यातील वरचा फ्रँकोनिया हा जिल्हावजा मुलूख साऱ्या जगात बिअरच्या भट्ट्यांची सर्वांत दाट वस्ती म्हणून ओळखला जातो. लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या इंदूर शहराहूनही कमी. आणि भट्ट्या दीडशेच्या घरात! यातील बहुतेक घरगुती आहेत. पुढे खाणावळ, मागे भट्टी, वर बिऱ्हाड. माल फारसा बाहेर जातच नाही. दहा-पंधरा मैलांवरच्या गावाला त्याची चव ठाऊक नसते, आणि मालकाला त्याचे काडीचेही दुःख नसते.

बिअर होते कशी, हे आपल्याकडील गृहिणीला समजावून सांगावे लागत नाही. नाचणीसत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो आणि दळतो. तिथे नाचणीऐवजी जव. मोड आले की दाण्यातील पिष्टाची साखर करणारी द्रव्ये जागी होतात. ते मोडाचे दाणे वाळवून, भरडून, कोमट पाण्यात कालवले की गोड काढा उतरतो. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले घालून तो उकळतात. ही वेल वनस्पतिशास्त्रात भांगेच्या कुळातली मानतात, हे ऐकून आमच्या माळव्यातील मित्रांना विशेष आनंद झाला. मग तो काढा निववून त्यात यीस्ट, म्हणजे आंबवणारे किण्व, सोडतात आणि थंड जागी आठवडेच्या आठवडे मुरू देतात. येथे काहीही ऊर्ध्व गाळले जात नाही, त्यामुळे आपल्याकडील दारूच्या भट्टीशी तिचे नाव तेवढे जुळते. जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये, असा बव्हेरियाचा कायदा १५१६ सालचा. बाँबेर्गच्या राजबिशपाने तर आपल्या संस्थानात तसाच हुकूम १४८९ मध्येच काढला होता. आमचा कायदा तुमच्या आधीचा, हे बाँबेर्गकर आजही पाहुण्याला ऐकवल्याशिवाय राहत नाहीत.

पहिला टप्पा फोर्शहाइम. गावाबाहेरच्या टेकडीवर दाट झाडी आहे आणि तिच्या पोटात दगड कोरून काढलेली बिअरची तळघरे आहेत. जुन्या काळी उन्हाळ्यात बिअर नासे आणि भट्टीला आग लागण्याचे भय असे. बव्हेरियात १५५३ च्या हुकुमाने एप्रिलअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत बिअर करण्यासच मनाई होती. तेव्हा हिवाळ्यात केलेला माल उन्हाळाभर थंड राहावा म्हणून डोंगर पोखरले, वर सावलीला झाडे लावली, आणि झाडांखाली बाके टाकली. त्यामुळे इथला माणूस तळघरात जात नाही, तो ‘तळघरावर’ जातो. भाषेची ही मौज आम्हाला फार आवडली.

आणखी एक मौज जेवणाची. १८१२ साली राजा पहिला माक्सिमिलियान याने म्युनिकच्या भट्टीवाल्यांना आपल्या तळघरांवर बिअर विकण्याची मुभा दिली, पण भाकरीखेरीज खाद्यपदार्थ विकण्यास मनाई केली, कारण खाणावळवाले कुरकुरत होते. लोकांनी मग घरचे डबे आणण्यास सुरुवात केली, आणि घरची शिदोरी झाडाखाली सोडण्याची ती रीत आजही बव्हेरियात मोडलेली नाही. हे कळताच सौ.चा चेहरा उजळला. रीतसर विचारून घेऊन तिने डबा उघडला. थालीपीठ, लसणीची चटणी आणि लिंबाचे लोणचे! शेजारच्या बाकावरील वृद्ध जोडप्याने आपला मुळा आणि चीज पुढे केले, आम्ही थालीपीठ दिले. त्यांना आमची भाषा येत नव्हती आणि आमची जर्मन दहा-बारा शब्दांत संपत होती. तरीही लोणच्याची फोड तोंडात घालताच आजोबांच्या कपाळावर ज्या आठ्या पडल्या आणि लगोलग दुसऱ्या फोडीसाठी जो हात आला, तो संवाद आम्हाला पूर्ण कळला.

दुसऱ्या दिवशी बाँबेर्ग. पाऊण लाख वस्तीचे हे शहर सात टेकड्यांवर पसरलेले आहे. १००७ साली सम्राट दुसरा हाइनरिश याने येथे धर्मपीठ स्थापिले, आणि पुढे शतकानुशतके येथील बिशप हाच येथील राजाही होता. १८०२ मध्ये बव्हेरियाने हे संस्थान गिळले. आमच्या होळकरांचे संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले, त्यामुळे अशा शहराच्या चेहऱ्यावर राहून गेलेला एक विशिष्ट भाव आम्ही लांबूनही ओळखतो. वाडे आहेत, मान आहे, सत्ता नाही. मात्र बाँबेर्गजवळ आणखी एक वस्तू शिल्लक आहे, ती म्हणजे धुराची बिअर.

कॅथेड्रलच्या पायथ्याच्या गल्लीत ‘श्लेंकर्ला’ नावाची खाणावळ आहे. या घराचा पहिला उल्लेख १४०५ सालचा. हात झुलवीत, झोकांड्या खात चालणाऱ्या एका जुन्या मालकावरून हे नाव पडले म्हणतात. काळ्या पडलेल्या तुळयांखाली, लाकडी पिंपातून, काळसर रंगाची बिअर पेल्यात उतरते, आणि ओठांजवळ नेताच नाकात धूर शिरतो. युरोपियन माणसाला त्यात धुरावलेल्या मांसाचा वास येतो. सौ.ने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, “अहो, हे तर चुलीतल्या वांग्याचे भरीत!” याहून नेमके वर्णन मी त्यानंतर कोठे वाचले नाही.

या धुराचे रहस्य साधे आहे. मोडाचे जव वाळवायला जाळ लागतो, आणि एके काळी तो जाळ लाकडाचाच असे. त्यामुळे जुन्या काळी बहुतेक गावच्या बिअरला थोडाफार धूर लागलेला असे. पुढे कोळसा आला, मग धूर दाण्याला न लावता नुसत्या गरम हवेने वाळवण्याच्या भट्ट्या आल्या. जगाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि धूर सोडला. बाँबेर्गमध्ये श्लेंकर्ला आणि १५३६ पासूनची ‘श्पेत्सियाल’ या दोन घरांनी मात्र आपली लाकडाची भट्टी विझू दिली नाही. आजही ते बीचच्या लाकडावर स्वतःचे जव स्वतः वाळवतात. श्लेंकर्लाचा धूर दाट, श्पेत्सियालचा हलका. दोन सख्ख्या जावांच्या आमटीत असावा तेवढाच फरक. आणि गावकरी तेवढ्यावरून पक्ष धरून बसलेले!

गावकऱ्यांचा आपल्या पेल्यावर किती हक्क आहे याची एक गोष्ट तेथे आवर्जून सांगतात. १९०७ साली भट्टीवाल्यांनी पेल्याचा भाव दहा फेनिगांवरून अकरा केला. गावाने एकजुटीने बहिष्कार घातला आणि फोर्शहाइमहून बिअर मागवली. काही दिवसांतच भट्टीवाले नमले व भाव पुन्हा दहावर आला. प्रश्न एका फेनिगचा नव्हता. वस्तू कोणाची, करणाऱ्याची की रोज घेणाऱ्याची, हा होता.

बाँबेर्गहून पूर्वेला डोंगराळ रस्त्याने आउफझेस लागते. २००१ साली गिनेसच्या विक्रमग्रंथात या गावाची नोंद झाली. दीड हजारांच्या आतबाहेर वस्ती आणि चार भट्ट्या! त्यांना जोडणारी तेरा-चौदा किलोमीटरची पायवाट आहे. मोटार एका जागी लावून आम्ही ती सबंध चाललो. मध्ये शेते, सफरचंदाची झाडे, आणि वाटेवर आमच्या वयाचीच कितीतरी जोडपी. पण मला या गावाची दुसरी एक गोष्ट अधिक लक्षात राहिली. येथल्याच सरदार घराण्यातील हान्स फॉन आउफझेस याने १८५२ साली न्यूरेंबर्गला जर्मन संस्कृतीचे मोठे राष्ट्रीय संग्रहालय स्थापिले. ते आम्ही आधी पाहून आलो होतो. चिलखते, चित्रे, वाद्ये, सारे काचेआड. एकाच गावाने जतन करण्याच्या दोन तऱ्हा दाखविल्या, एक काचेआड ठेवण्याची आणि दुसरी रोज वापरण्याची. वस्तू काचेआड टिकतात, हे खरे. चव मात्र तेथे टिकत नाही.

या दुसऱ्या तऱ्हेचा कळस आम्ही अखेरच्या दोन दिवसांत पाहिला. फ्रँकोनियाची सीमा ओलांडून ओबरफाल्त्स भागात विंडिशएशेनबाख नावाचे छोटे गाव आहे. तेथे व जवळच्या नॉइहाउस, फाल्केनबेर्ग, मिटरटाइश, एस्लार्न या गावांत ‘त्सॉइगल’ नावाची बिअर होते. तिचा मालक कोणी कारखानदार नाही. गावाची सामाईक भट्टी असते, लाकडाच्या जाळावर चालणारी. बिअर करण्याचा हक्क माणसाला नव्हे, घराला चिकटलेला असतो. नॉइहाउसला हा हक्क १४१५ साली मिळाला. हक्कदार कुटुंब सामाईक भट्टीत येऊन काढा उकळते, तो उथळ कढईत निवतो, मग टाकीत भरून घरी नेतात आणि स्वतःच्या तळघरात मुरवतात. सामाईक कढई वापरल्याबद्दल गावाला ठरलेले पैसे द्यायचे.

एवढे झाले की ते कुटुंब आपल्या घरातील खोली काही दिवस गावाला उघडते आणि दारावर षट्कोनी तारा टांगते. ‘त्सॉइगल’ म्हणजे हीच खूण, दाखवणारी. या आठवड्यात एकाच्या दारी तारा, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या. पाळी आधीच लावलेली असते. कोणी कोणाचे गिऱ्हाईक तोडत नाही, कारण आज जो पाजतो तो उद्या शेजारी जाऊन पितो. प्रत्येक घराची चव वेगळी, कारण तळघर वेगळे आणि हात वेगळा. २०१८ साली जर्मनीने या प्रथेची राष्ट्रीय अमूर्त वारशात नोंद केली.

आम्ही ज्या घरी बसलो तेथे आजी पेले भरत होत्या, सून भाकरी कापत होती आणि नातू हिशेब ठेवत होता. कोणी आम्हाला ‘पर्यटक’ म्हणून वेगळे बसवले नाही. लांब बाकावर थोडे सरकून जागा करून दिली एवढेच. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी आजींना विचारले, “हे सोडून द्यावेसे कधी वाटले नाही?” त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवले. आपल्या घराची पुढची पाळी तीन आठवड्यांनी होती. लोक येणार, मग सोडायचे कसे?

‘पाळी’ हा शब्द मनात येताच आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आपल्या जुन्या घराण्यांत गणपती असाच पाळीने फिरतो. यंदा थोरल्यांकडे, पुढच्या वर्षी मधल्यांकडे. ज्याची पाळी त्याच्या घरी पुरणाचा घाट, काळ्या मसाल्याचे वाटण, भाऊबंदांच्या पंगती. नोकरीनिमित्त एक घर बंद होते, मग दुसरे, आणि एखाद्या वर्षी कळते की पाळी घ्यायला कोणी उरलेलेच नाही. त्या वर्षी केवळ मूर्ती येत नाही असे नव्हे. काकूंच्या हातचे वाटणही संपते, कारण ते वहीत नव्हते, पाळीत होते.

गोव्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशाचा मान मिळाला. उत्तम झाले. पण मानपत्राने चव टिकत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी काजूची बोंडे वेचणारा, मळणारा आणि रात्र जागून भट्टी सांभाळणारा माणूस ती टिकवतो, आणि त्याच्या दारी जाऊन घेणारा शेजारी त्याला टिकवतो. बाँबेर्गच्या धुराला राजबिशपाने वाचवले नाही आणि बव्हेरियाच्या राजानेही नाही. दोन घरांनी लाकूड जाळणे सोडले नाही आणि गावाने त्या घरी जाणे सोडले नाही, एवढ्यावर ते भागले.

आमच्या घराण्यातील गणपतीची पाळी तीन वर्षांपासून रिकामी जात होती. यंदा ती आम्ही घेतली आहे. न्यूरेंबर्गहून चिरंजीव येणार आहेत, सौ.ने त्यांना आधीच कळवले आहे की पंगतीला बसण्यापूर्वी मसाला कुटायला बसावे लागेल.