काय वाजवायचं ते वाजवणारा ठरवेल

बर्नार्ड स्टोलमन न्यूयॉर्कचा वकील. चार्ली पार्कर आणि बिली हॉलिडे यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मालमत्तेच्या कामात त्याचा हात लागला आणि तिथून जॅझवाल्यांशी ओळखी झाल्या. दुसरा नाद एस्पेरांतोचा. साऱ्या जगाला एक सामाईक भाषा असावी म्हणून १८८७ मध्ये मांडलेली ही भाषा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने रेकॉर्ड कंपनी काढली, ती या भाषेच्या प्रेमापोटी. नाव ईएसपी-डिस्क. पहिली रेकॉर्ड एस्पेरांतोतल्या गाण्यांची होती, आणि ती आज संग्राहकांपलीकडे कुणाला ठाऊक नाही.

दुसरीची गोष्ट वेगळी. हार्लेममधल्या एका क्लबात स्टोलमनने अल्बर्ट आयलरला ऐकलं. स्टोलमन पुढे सांगायचा, की आयलर न बोलावता सॅक्सोफोन घेऊन मंचावर चढला आणि आधीपासून वाजवत असलेले वादक एकेक करून थांबले. त्याच रात्री स्टोलमनने त्याला रेकॉर्ड करायचं आमंत्रण दिलं. १० जुलै १९६४ रोजी, टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका लहान स्टुडिओत, तिघे जमले: २७ वर्षांचा आयलर, बासवर गॅरी पीकॉक, ड्रमवर सनी मरे. ‘स्पिरिच्युअल युनिटी’ नावाची ही रेकॉर्ड जेमतेम अर्ध्या तासाची आहे.

तिच्यात ऐकू काय येतं? आधी एक साधी, गुणगुणता येईल अशी चाल. मिरवणुकीत किंवा चर्चमध्ये ऐकलीय असं वाटायला लावणारी. आयलर ती दोनदा सरळ वाजवतो आणि मग फाडतो. त्याच्या सॅक्सोफोनची पत्ती प्लास्टिकची, फार कडक. तिच्यातून सूर काढायला छातीतली सगळी हवा पणाला लागते. म्हणून तो आवाज इतका जाड, थरथरता, रडणं आणि हाक यांच्या मधला. खाली सनी मरे ठेका धरतच नाही. त्याच्या झांजा सतत सळसळत राहतात आणि मधूनच त्याचं स्वतःचं कण्हणंही ऐकू येतं. आपल्या कानाला समेची सवय. इथे सम येतच नाही. तरी तिघे एकमेकांना एक क्षणही सोडत नाहीत. आवर्तन नसतानाही माणसं एकत्र कशी राहू शकतात, याचा इतका रोखठोक पुरावा मला दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डमध्ये मिळालेला नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रम्पेटवादक बिल डिक्सनने न्यूयॉर्कच्या सेलर कॅफेत चार दिवस कार्यक्रम भरवले. मोठ्या क्लबांनी दारं बंद केलेले वादक तिथे वाजवत होते. स्टोलमन तिथे गेला आणि एकेकाला रेकॉर्डचं विचारत सुटला. त्यातून पुढच्या दोन-तीन वर्षांत जे निघालं त्याला तोड नाही: पॉल ब्ले, जुझेप्पी लोगन, मिलफोर्ड ग्रेव्हज, सन राचा अख्खा वाद्यवृंद. ईएसपीच्या कव्हरवर वचनच छापलेलं असे, की या रेकॉर्डवर काय ऐकू येणार ते फक्त कलावंत ठरवतील. स्टोलमनने ते पाळलं. हे वाजवू नका, लांबी कमी करा, थोडं गोड करा, असं सांगणारा माणूसच तिथे नव्हता.

या मोकळिकीचा सर्वांत धीट वापर गायिका पॅटी वॉटर्सने केला असं मी म्हणेन. १९६५ च्या डिसेंबरात रेकॉर्ड झालेल्या तिच्या पहिल्या तबकडीची पहिली बाजू म्हणजे पियानोवर स्वतःच वाजवत गायलेली छोटी, हळवी गाणी. आवाज कुजबुजीच्या जरासा वर. बाजू उलटली की एकच जुनं लोकगीत, जवळजवळ चौदा मिनिटं. त्यात ‘ब्लॅक’ हा एकच शब्द ती कुजबुजते, ताणते, तोडते, किंचाळते, आणि बर्टन ग्रीन पियानोच्या पोटात हात घालून तारा छेडत असतो. कुठल्या मोठ्या कंपनीने ही बाजू बाहेर येऊ दिली असती?

जॅझपलीकडेही कंपनी गेली. फग्ज हे कवींचं वात्रट, युद्धविरोधी टोळकं आणि ‘पर्ल्स बिफोर स्वाइन’ हा टॉम रॅपचा गट, या दोघांच्या रेकॉर्ड चांगल्या खपल्या. आणि दुखणं इथेच आहे. रॉयल्टी हाती आलीच नाही, असं रॅप आयुष्यभर सांगत राहिला. अनेक जॅझ वादकांचीही हीच तक्रार. स्टोलमनचं म्हणणं, की रेकॉर्ड छापणाऱ्यांनीच चोरून जादा प्रती काढून विकल्या आणि युद्धविरोधी गाण्यांमुळे सरकारचा रोष ओढवला, म्हणून कंपनी बुडाली. कंपनीत पैसा फारसा कधी नव्हताच, हे मान्य. पण काय वाजवायचं याची मोकळीक ज्याला दिली, त्याच्यापुढे हिशेबाची वही उघडी ठेवणं हाही त्याच वचनाचा भाग होता. तो पाळला गेला नाही, आणि त्याची किंमत आधीच दारिद्र्यात वाजवणाऱ्या माणसांनी मोजली. आयलर १९७० मध्ये गेला. त्याचं प्रेत न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये सापडलं. वय ३४. रॅप पुढे संगीत सोडून नागरी हक्कांचा वकील झाला.

१९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत कंपनीचं काम थांबलं. स्टोलमन सरकारी वकिली करू लागला. जपान आणि युरोपातल्या कंपन्या जुन्या रेकॉर्ड पुन्हा पुन्हा काढत राहिल्या, त्यामुळे हे संगीत पुढच्या पिढीच्या कानावर पडत राहिलं. २००५ मध्ये स्टोलमनने ईएसपी पुन्हा सुरू केली आणि २०१५ मध्ये तो वारला. जुन्या रेकॉर्ड आज सहज ऐकायला मिळतात. नवख्याने आयलरपासून सुरुवात करू नये, असं माझं मत. आधी पॅटी वॉटर्सची पहिली बाजू ऐकावी, मग दुसरी. ती सोसली की सन राची ‘हेलिओसेंट्रिक वर्ल्ड्स’ लावावी. तिच्यात बास मरिंबाचे खोल, लाकडी ठोके आहेत, ते चांगल्या स्पीकरवरच ऐकावेत. आयलर त्यानंतर, आणि त्याच्या अर्ध्या तासात मध्ये उठू नये.