‘ध’चा ‘मा’ : साक्षीदार कोण?

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली हे गाव आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे मूळचे तिथले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, आणि रामशास्त्र्यांनी चौकशी करून राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, हे विद्यार्थ्यांनी वाचलेले असते. या चौकशीत एक कागद सापडला असे सांगतात. दादांनी ‘धरावे’ असे लिहिले होते, त्याचे कोणीतरी ‘मारावे’ केले होते. हे ‘कोणीतरी’ म्हणजे आनंदीबाई, असे लोकांनी ठरवून टाकले. मराठीला एक वाक्प्रचार मिळाला आणि एका बाईच्या माथी कायमचा खुनाचा डाग बसला.

आता आपण क्षणभर न्यायालयात बसू या. साक्षीदार पिंजऱ्यात आला की वकील प्रथम विचारतो, तू कोण आणि त्या वेळी कुठे होतास? कागदाची ही हकीकत आपल्या इतिहासात देणारा एक प्रसिद्ध साक्षीदार म्हणजे ग्रँट डफ. तो १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी होता. त्याचा ग्रंथ १८२६ साली, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी निघाला. त्याचा जन्म ८ जुलै १७८९ चा, आणि रामशास्त्री वारले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे शास्त्रीबुवांनी डोळे मिटले तेव्हा आपला साक्षीदार स्कॉटलंडात पाळण्यात होता! डफ खोटे बोलला असे यातून ठरत नाही. त्याने जुने कागद पाहिले होते, जुन्या माणसांना विचारले होते. पण त्याची साक्ष ऐकीव ठरते, आणि ऐकीव साक्षीवर कोणाला खुनी ठरवणे मला तरी पटत नाही.

मग घटनेच्या जवळचे साक्षीदार कोठे शोधायचे? जुन्या दप्तरांत. साताऱ्याला द. ब. पारसनीस यांनी असे कागद आयुष्यभर जमवले. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे वाचून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला. मिरज आज सांगली जिल्ह्यात आहे. ही पत्रे त्या त्या दिवसांत लिहिलेली, म्हणून मोलाची.

मात्र इथेही ओळख पटवावी लागते. जुन्या कागदात जन्मतारीख नसते. ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे अमक्याचा मुलगा अमका, आणि पुढे गावाचे नाव, एवढ्यावर माणूस ओळखायचा. लिहिता न येणारा कुणबी सहीऐवजी नांगराचे चित्र काढी. ते त्याचा धंदा सांगते, पण गावात नांगर काय एकाचाच असतो? शिवाय नावे बदलतात. गारद्यांच्या एका पुढाऱ्याचे नाव कुठे महंमद इसफ, तर कुठे युसुफ. हा एकच माणूस, हे इतर तपशील जुळवूनच म्हणता येते.

एक साक्षीदार मात्र कोणाच्या दबावाखाली येत नाही. तो म्हणजे चंद्र. खुनाचा दिवस मराठी कागदांत भाद्रपद शुद्ध १३, सोमवार, शके १६९५ असा येतो. तो ३० ऑगस्टशी जुळतो का? वही-पेन्सिल घ्या.

६ जानेवारी २००० रोजी, गुरुवारी, रात्री ११ वाजून ४४ मिनिटांनी अमावास्या संपली. ३० ऑगस्ट १७७३ पासून त्या दिवसापर्यंत ८२,६७३ दिवस होतात (लीप वर्षे मोजताना १८०० आणि १९०० वगळा). याला ७ ने भागले की बाकी ३ उरते. गुरुवारच्या तीन दिवस मागे सोमवार. वार जुळला.

आता तिथी. ३० ऑगस्टच्या सूर्योदयापासून मोजले तर ८२,६७३.७३ दिवस. चांद्रमास सरासरी २९.५३०५८८ दिवसांचा. असे २,७९९ मास वजा केले की १७.६ दिवस उरतात. म्हणजे आधीची अमावास्या संपून २९.५ – १७.६ = ११.९ दिवस झाले होते. एक तिथी सरासरी ०.९८४ दिवसाची, म्हणून १२ तिथ्या पुऱ्या होऊन तेरावी चालू होती. त्रयोदशी!

यात एक मेख आहे. चंद्राची गती सारखी नसते, त्यामुळे या सरासरीच्या हिशेबात अर्ध्या-पाऊण तिथीची चूक पडू शकते. एका तिथीचा फरक दिसला म्हणून कागद लगेच बनावट म्हणू नये. वाराला मात्र ही सवलत नाही. दुसरी मेख इंग्रजी तारखांची. इंग्रजांनी नवे कॅलेंडर १७५२ साली स्वीकारले. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या कॅलेंडरातली. तिच्यात दहा दिवस मिळवून वरचा हिशेब पुन्हा करा. तिथी तीच येईल, वार शनिवार येईल. दहा दिवस विसरलात, तर खऱ्या साक्षीदारालाच खोटा ठरवाल.

अर्थात तारीख जुळली म्हणजे मजकूर खरा, असे नाही. पंचांग बनावट कागद करणाऱ्याजवळही असते.

राहिला तो कागद. तो हाती असता तर सूक्ष्मदर्शकाखाली खाडाखोड दिसली असती, नंतरची रेघ आधीच्या रेघेवरून गेली का ते पाहता आले असते. अवरक्त किरणांत काजळीची शाई काळीच राहते, हिराकस-मायफळाची फिकी होते. दोन शाया असत्या तर त्या वेगळ्या ओळखता आल्या असत्या. पण आपली दप्तरी शाई बहुधा काजळी आणि डिंकाची. दोन्ही हातांनी तीच वापरली असेल तर हे किरणही गप्प बसतील. आणि आज आपल्यासमोर डफने सांगितलेली कागदाची हकीकत आहे, कागद नाही.