उताराचा गिअर माथ्यावरच टाका



उसाने भरलेली बैलगाडी उताराला लागण्याआधी जाणता गाडीवान काय करतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तो माथ्यावर गाडी थांबवतो, खाली उतरतो, कासरा आखडून धरतो आणि बैलांना पावलापावलाने खाली घेतो. निम्मा उतार गेल्यावर बैल आवरू, असे तो म्हणत नाही. कारण तोवर गाडी बैलांच्या मानेवर आलेली असते. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, तरी हा नियम काही बदललेला नाही. उलट ओझे दसपट वाढल्याने तो जास्तच कडक झाला आहे.

चढाला ट्रॅक्टर दमतो, ते कानाला कळते. उताराला इंजिन गप्प असते, म्हणून काम सोपे वाटते. प्रत्यक्षात ट्रॅक्टरची खरी परीक्षा उतारालाच असते.

रेटा किती येतो?

ढोबळ हिशेब मांडू. ट्रॅक्टर २ टनांचा. मागे दोन ट्रॉल्या, प्रत्येकी रिकामे वजन २ टन आणि ऊस ८ टन. म्हणजे पुढे २ टन आणि मागे २० टन, एकूण २२ टन. उतार वीसला एक धरू, म्हणजे वीस फूट पुढे गेले की एक फूट खाली. डोळ्यांना हा उतार फारसा जाणवतही नाही. तरी २२ टनांचा विसावा भाग, म्हणजे ११०० किलोचा रेटा गाडीला खाली ढकलत असतो. डांबरी रस्त्यावर टायरांच्या अडथळ्याने त्यातले सुमारे ४४० किलो जिरतात. उरलेले ६६० किलो आपल्याला अडवायचे असतात.

आता अडवणारे कोण ते पाहा. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन मोठ्या चाकांना असतात. त्या चाकांवर ट्रॅक्टरचा सव्वा टनाच्या आसपास भार असतो. रस्ता कोरडा असला, तर ही चाके फार तर आठ-नऊशे किलोचा रेटा धरतील. रस्त्यावर चिखल, पाचट किंवा दव असले, तर ही पकड निम्म्यावर येते, आणि मग ६६० किलो अडणार कसे? ब्रेक कितीही नवे असोत, चाक आवळले जाईल, पण टायर घसरत राहील. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसले, तर २० टनांची सगळी जबाबदारी या दोन चाकांवरच असते.

तीच गाडी एका ट्रॉलीने उतरवली, तर एकूण वजन १२ टन होते आणि अडवायचा रेटा ३६० किलोवर येतो. म्हणून ओढ्याचा, कॅनॉलच्या पुलाचा किंवा नदीकाठच्या मळ्याकडे जाणारा उतार वाईट असेल, तर एक ट्रॉली माथ्यावर सपाटीला सोडून एकेक करून उतरवावी. उतार दहाला एक असेल, तर एका भरल्या ट्रॉलीचाही हिशेब काठावर येतो. तिथे ट्रॉलीला चालू स्थितीतले ब्रेक हवेत, नाहीतर भरणी निम्मी करावी किंवा दुसरा रस्ता धरावा.

वेग दुप्पट, थांबणे चौपट

ताशी १० किलोमीटरने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकला जेवढे काम पडते, त्याच्या चौपट काम २० च्या वेगाला आणि नऊपट ३० च्या वेगाला पडते. हे सगळे काम ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. लांब उताराला ब्रेकवर पाय ठेवूनच उतरले, तर ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. म्हणजे नेमका शेवटच्या वळणावर, जिथे ब्रेकची गरज, तिथेच तो दगा देतो.

न्यूट्रलचा मोह

"उताराला न्यूट्रल टाकली की डिझेल वाचते," असे काही ड्रायव्हर म्हणतात. हा हिशेब चुकीचा आहे. गिअरमध्ये थ्रॉटल कमी करून उतरताना चाकेच इंजिनाला फिरवतात, आणि गव्हर्नर डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतच राहते. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि गाडी धरून ठेवणारे इंजिन मात्र हातचे जाते. क्लच दाबून उतरले, तरी तेच होते.

यात सर्वांत मोठा धोका असा, की वेग वाढल्यावर ड्रायव्हर खालचा गिअर टाकू पाहतो आणि तो बसत नाही. वरचा सुटला, खालचा बसला नाही, आणि मागून २० टन रेटत आहेत. म्हणून गिअर माथ्यावरच, गाडी थांबवून टाकायचा. कोणता? तेवढाच माल घेऊन तोच उतार चढायला जो गिअर लागेल, तो. शंका वाटली तर त्याच्या खालचा. इंजिन फारच ओरडू लागले, तर ब्रेक थोडा दाबून वेग कमी करावा आणि पाय काढून घ्यावा.

माथ्यावर थांबल्यावर पाहायच्या गोष्टी

१. ब्रेकच्या दोन्ही पेडलांची कडी जोडलेली आहे ना? शेतात वळण्यासाठी ती सुटी ठेवतात. रस्त्यावर एकाच बाजूचा ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते.

२. हुकाची पिन पूर्ण बसली आहे ना, तिला अडकण आहे ना, साखळी लावली आहे ना?

३. दोन चाकी ट्रॉली उलाळ भरली नाही ना? मागे भार जास्त झाला, की हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. बैलगाडीसारखीच ट्रॉलीही किंचित धुरजड हवी.

४. उसावर कोणी बसले किंवा झोपले नाही ना? तोडणीची माणसे, बाया-पोरे खाली उतरवूनच गाडी पुढे न्यावी.

उतरताना मागचे चाक घसरू लागले, तर ब्रेक आणखी दाबू नये. क्षणभर सैल करावा, चाक फिरू द्यावे, स्टिअरिंग सरळ धरावे आणि मग पुन्हा हळू दाबावे. उतारावर थांबावेच लागले, तर हँडब्रेक लावून, इंजिन बंद करून, खालचा गिअर टाकून ठेवावा आणि ट्रॉल्यांच्या चाकांनाही उताराच्या बाजूने मोठे दगड लावावेत. दगड रस्त्यात तसेच टाकून जाऊ नये.

सभासदांचे काम

हे सगळे ड्रायव्हरने पाहावे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. रस्ता आपल्या शेताचा असतो, भरणी आपल्यासमोर होते आणि "आजची खेप आजच गेली पाहिजे" ही घाईही आपलीच असते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, हे खरे आहे. पण एकेक ट्रॉली उतरवायला जास्त लागतो तो अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात उसाचे काही बिघडत नाही.

तेव्हा आपल्या बांधावरून गाडी निघताना ड्रायव्हरला एवढे आवर्जून सांगा, "बाबा, उतार वाईट आहे. माथ्यावर थांब, खालचा गिअर टाक, एकेक ट्रॉली ने. उशीर झाला तरी चालेल." मालकाने स्वतः असे सांगितले, की ड्रायव्हरलाही घाई करावी लागत नाही.