शिरस्तेदार कोणाचा?

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात महात्मा गांधी मार्गावर आयकर खात्याचे कार्यालय आहे. सरकारी नोकरीनिमित्त या वस्तीत राहत असल्याने त्या इमारतीवरून माझे नित्य जाणेयेणे असते. शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर येथे २००६ साली नोकियाचा मोबाइल फोनचा कारखाना सुरू झाला. पुढे २०१३ मध्ये आयकर खात्याचा त्याच्याशी मोठा वाद जुंपला. तो यंत्रांवरून नव्हे, तर फोनमध्ये भरावयाच्या आज्ञावलीपोटी फिनलंडच्या मूळ कंपनीला दिलेल्या रकमांवरून. डोळ्यांना न दिसणारी ही वस्तू इतकी मोलाची का, हे सिंबियनच्या हकीकतीवरून चांगले उमगते.

श्रोतेहो, फोनची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे जुन्या कचेरीतला शिरस्तेदार. सही साहेबांची असते. परंतु कोणाचा अर्ज आधी पुढे सरकवावा आणि कोणाला कोणते दप्तर दाखवावे, हे त्याच्या हाती. १९९८ साली लंडनच्या सायऑन कंपनीने आपली एपॉक ही प्रणाली पुढे केली आणि नोकिया, एरिक्सन व मोटोरोला यांच्या भागीदारीत सिंबियन कंपनी उभी राहिली. बाजारात हे प्रतिस्पर्धी; पण शिरस्तेदार समाईक ठेवण्यात सर्वांचे हित होते. मेजावरच्या संगणकांच्या धंद्यात लोणी मायक्रोसॉफ्टने नेले आणि पेट्या बनवणाऱ्यांच्या वाट्याला ताक आले, हे त्यांनी पाहिले होते.

२००३ साली मोटोरोला आपला हिस्सा विकून बाहेर पडली. फेब्रुवारी २००४ मध्ये सायऑननेही आपला ३१.१ टक्के वाटा नोकियाला विकण्याचे जाहीर केले. तसे झाले असते, तर त्रेसष्ट टक्क्यांवर मालकी एकट्या नोकियाची झाली असती. तर्ककुतर्कांना ऊत आला. इतरांची धास्ती अनाठायी नव्हती. पुढल्या वर्षीच्या फोनमध्ये काय हवे, हे शिरस्तेदाराला आगाऊ सांगावे लागते; आणि तोच प्रतिपक्षाच्या पगारावर असेल तर? सोनी एरिक्सन, पॅनासॉनिक व सीमेन्स यांनी भागधारक म्हणून असलेला पूर्वहक्क बजावून आपापला हिस्सा वाढवला आणि नोकियाला ४७.९ टक्क्यांवर रोखले. दप्तरी हिशेबाने बहुमत कोणाचेच नाही. व्यवहारात मात्र नोकियाला नको असलेले काही घडणे कठीण. असला पेच सरकारी समित्यांत मी पुष्कळदा पाहिला आहे.

माझ्या मते खरा घात भागभांडवलाच्या या ओढाताणीने झाला नाही, तर फोनच्या दर्शनी भागाने केला. आतली प्रणाली एक. पण नोकियाने तिला सिरीज सिक्स्टीचा पेहराव चढवला, सोनी एरिक्सनने यूआयक्यूचा. परिणाम असा की एकासाठी लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्यावर जसाच्या तसा चालेना. कार्यक्रम लिहिणारे कंटाळले.

जून २००८ मध्ये उरलेला सगळा हिस्सा घेऊन ती प्रणाली सर्वांना खुली करण्याचे नोकियाने जाहीर केले. तोवर ॲपलचा आयफोन येऊन वर्ष झाले होते. शिवाय गूगलने २००५ साली विकत घेतलेली अँड्रॉइड फोनवाल्यांना विनामूल्य मिळू लागली. नोकियाचा शिरस्तेदार ज्यांना नको होता, त्यांनी गूगलचा मुकाट्याने पत्करला. फुकटच्या या नेमणुकीला अटी होत्याच. त्यांतल्या काही गैर ठरवून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. पण ते पुष्कळ पुढले.

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने सिंबियन बाजूला सारून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली स्वीकारली. ज्याच्या भयाने १९९८ साली हे सारे एकत्र आले होते, त्याच्याच दारी! एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदाही मायक्रोसॉफ्टकडे गेला. करविवादामुळे श्रीपेरुंबुदूरचा कारखाना मात्र त्या विक्रीतून वगळला गेला. मायक्रोसॉफ्टसाठी फोन बनवून देण्यापलीकडे त्याला काम उरले नाही. तो करार संपताच, १ नोव्हेंबर २०१४ रोजी, तो बंद पडला. तेथे मुख्यत्वे साधे, स्वस्त फोन बनत. लंडनच्या त्या भागीदारांचे नावही तिथल्या कामगारांच्या कानांवर कधी पडले नसेल. पाच वर्षांनी तो कारखाना चार्जर बनवणाऱ्या सालकॉम्प कंपनीने घेतला.