विमानतळावरची धर्मशाळा

विमानाने जग जवळ आणले, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची शहानिशा करावी असे आता कोणास वाटत नाही. पण पुण्याहून अमेरिकेस, मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या एखाद्या आईच्या प्रवासाचा हिशेब मांडून पाहा. प्रत्यक्ष आकाशात ती असते अठरा-एकोणीस तास. पण आपल्या उंबरठ्यापासून मुलीच्या उंबरठ्यापर्यंत पोचायला तिला तीस-पस्तीस तास सहज लागतात. उरलेले तास जातात कोठे? काही मुंबईच्या रस्त्यावर, काही रांगांत, आणि बाकीचे सारे मधल्या एखाद्या परक्या विमानतळावर, खुर्चीत बसून. त्याच विमानतळावर एका काचेच्या दारापलीकडे पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी विश्रामकक्ष थाटलेले असतात. त्यांना लाउंज म्हणतात. ह्या खुर्चीचा आणि त्या कक्षाचा, दोहोंचा विचार आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

प्रथम हा मधला मुक्काम घडतो का, ते पाहू. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे उतरत गेले. त्या काळी विमानालाच दम खावा लागे. इंधन भरेपर्यंत सगळे प्रवासी एकत्र उतरत, एकत्र चहा घेत आणि एकत्रच पुढे निघत. आयर्लंडमधील शॅनन हा अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांचा असाच थांबा होता. तेथे खोळंबलेल्या लोकांचा रिकामा वेळ आणि भरलेला खिसा ह्या दोहोंकडे पाहून १९४७ साली जगातील पहिले करमुक्त विमानतळ-दुकान निघाले. पुढे जेट विमाने आली, त्यांचा पल्ला वाढला आणि विमानाचा थांबा गेला. माणसाचा थांबा मात्र राहिला.

त्याचे कारण साध्या अंकगणितात आहे. ५० शहरे परस्परांशी थेट जोडायची म्हटली तर १,२२५ मार्ग लागतील. त्यांपैकी एका शहराला केंद्र मानून बाकीची सारी त्याला जोडली, तर ४९ मार्गांत काम भागते. अट एवढीच की प्रत्येकाने केंद्रावर उतरून विमान बदलावे. अमेरिकेत १९७८ साली विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठली आणि ही पद्धत तेथे झपाट्याने पसरली. पुढे सिंगापूर, दुबई, दोहा, इस्तंबूल ही शहरे अशीच जगाची केंद्रे झाली. केंद्रावर विमाने दिवसभर सारख्या अंतराने येत नाहीत. ती लाटेसारखी येतात. तास-दोन तासांत चोहोंकडून उतरतात, प्रवाशांची अदलाबदल होते आणि पुन्हा चोहोंकडे उडून जातात. आखातातील विमानतळांवर तर मध्यरात्र ही भर बाजाराची वेळ असते. ज्याचे पुढचे विमान त्याच लाटेत असेल, तो सुटला. ज्याचे नसेल, त्याला पुढच्या लाटेपर्यंत सहा, आठ, कधी बारा तास किनाऱ्यावर बसावे लागते. स्वस्त तिकिटाच्या पोटात पुष्कळदा हेच तास दडलेले असतात.

आता त्या काचेच्या दाराकडे वळू. न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळावर १९३९ साली अमेरिकन एअरलाइन्स ह्या कंपनीने ‘ॲडमिरल्स क्लब’ नावाचा कक्ष उघडला. विमानकंपनीने चालविलेला असा हा पहिलाच कक्ष. आरंभी तेथे आमंत्रणावाचून प्रवेश नसे. वर्गणी भरून सभासद होण्याची सोय पुढे झाली. आपल्या आगगाडीच्या स्थानकांवर वर्गवार प्रतीक्षालये त्याच्याही आधीपासून होती, तेव्हा ही कल्पना आपणांस अगदीच अपरिचित नाही. आज विमानतळावर तीन पायऱ्या दिसतात. पहिली सर्वांची, तिच्यात खुर्च्या आणि दुकाने. दुसरी बिझनेस वर्गाची आणि बँकेची विशिष्ट कार्डे बाळगणाऱ्यांची. तिच्यात आपल्या हाताने वाढून घ्यावयाचे जेवण आणि बरी आसने. मात्र कार्डवाले इतके वाढले की ह्या कक्षांच्या दाराशीच आता रांगा लागतात. तिसरी पायरी पहिल्या वर्गाची. तेथे माणसे मोजकी असतात आणि जेवण मागाल ते, मागाल तेव्हा, टेबलावर येते. पहिल्या वर्गाचे तिकीट साध्या तिकिटाच्या कित्येक पट महाग असते. असा गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये, म्हणून हा सारा खर्च.

ह्या तिसऱ्या पायरीवरही प्रत्येक ठिकाणची तऱ्हा निराळी आहे. लुफ्तान्साने फ्रँकफुर्ट येथे २००४ साली पहिल्या वर्गासाठी स्वतंत्र इमारतच उभारली. सुरक्षेची आणि पासपोर्टची तपासणी तेथल्या तेथेच होते आणि वेळ झाली की मोटार प्रवाशाला थेट विमानापाशी नेऊन सोडते. विमानतळाची धावपळ दृष्टीसही पडू नये, हे तेथील खरे ऐश्वर्य. न्हाणीघरातील टबात एक रबरी बदक ठेवलेले असते. लक्षाधीश प्रवासीही ते आठवण म्हणून घरी नेतात, ही त्यातल्या त्यात मनुष्यस्वभावाची गंमत! दोहा येथील ‘अल सफ्वा’ कक्षाचा थाट वस्तुसंग्रहालयाचा: उंच छत, दगडी भिंती, पाण्याचा मंद आवाज, आणि निजण्यासाठी वेगळ्या खोल्या. दुबईने २०१३ साली उघडलेल्या इमारतीत पहिल्या वर्गाला एक अखंड मजला दिला. त्या मजल्यावरून पाऊल उचलावे ते थेट विमानात. बँकॉकला थाई पद्धतीच्या अंगमर्दनाची सोय आहे. सिडनी येथे क्वांटासने २००७ साली उघडलेल्या कक्षाची आखणी मार्क न्यूसन ह्या कल्पक आरेखकाने केली. भिंतीवर चढविलेली जिवंत बाग हे त्याचे वैशिष्ट्य. सारांश, जर्मनांनी गर्दी दूर केली, अरबांनी प्रशस्तपणा दिला, थाई लोकांनी हात दिला आणि ऑस्ट्रेलियाने हिरवळ दिली.

पण ह्या साऱ्यांत श्रेष्ठ कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर पदार्थांच्या यादीवरून देता येत नाही, असे आमचे अनुभवांती मत झाले आहे. वारंवार प्रवास करणाऱ्यांच्या नावे कंपन्या मैल जमा करीत असतात. मुलाने साठविलेल्या अशा मैलांच्या जोरावर आम्हां उभयतांस एकदा, आयुष्यात एकदाच, पहिल्या वर्गाचे तिकीट लाभले आणि सात तासांचा मुक्काम एका अशा कक्षात घडला. पहिला तास खाण्यात गेला आणि दुसरा खाल्ल्याचा पश्चात्ताप करण्यात. त्यानंतर ताटातले काय चांगले होते, ह्याची आठवणही राहिली नाही. जे लक्षात राहिले ते अगदी साधे होते. आडवे होण्यापुरती सपाट जागा. आंघोळीला ऊन पाणी. सामान निर्धास्त ठेवता येईल असे कपाट. आणि ‘‘आपण झोपा, वेळ झाली की आम्ही उठवू,’’ असे सांगून खरोखरच उठविणारा एक माणूस. अंथरूण, पाणी, सुरक्षितता आणि भरवसा! आणि नीट पाहिले तर ह्या चारही गोष्टी आपल्याकडच्या धर्मशाळेच्या आहेत. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थोतीर्थी घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्या यात्रेकरूचे तिकीट पाहून बांधल्या नव्हत्या.

ह्याच्या दोन वर्षे आधी असाच एक मुक्काम आम्ही साध्या तिकिटावर केला होता. नऊ तास. खुर्च्यांना मध्ये मध्ये लोखंडी हात बसविलेले, म्हणजे कोणी आडवे होऊ नये. वारा इतका गार की शाल अपुरी पडावी. शेजारी सोलापूरकडच्या एक वृद्ध बाई होत्या. मुलाकडे एकट्याच निघालेल्या. कागदपत्रांची पिशवी छातीशी धरलेली, आणि दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न: ‘‘भाऊ, माझं इमान गेलं तर न्हाई न्हवं?’’ फलकावरची अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती, घोषणा कळत नव्हत्या. पाणी सुद्धा त्या पीत नव्हत्या. कारण पाणी प्यायले तर उठावे लागेल, आणि उठले तर जागा आणि विमान दोन्ही जाईल, ही धास्ती. श्रोते हो, लांबलेल्या मुक्कामाचे खरे दुःख कंटाळा हे नव्हे. धास्ती हे आहे. आणि काचेच्या दारापलीकडे जी वस्तू सर्वांत महाग विकली जाते, ती ह्या धास्तीपासूनची सुटका होय.

ही सुटका सर्वांस देता येणार नाही काय? काही ठिकाणी तिचा आरंभ झाला आहे. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर साध्या प्रवाशालाही पाय पसरून पडता येईल अशा जागा आहेत, फुलपाखरांची बाग आहे, फुकट चित्रपट आहेत. आणि साडेपाच तासांहून अधिक मुक्काम असणारांसाठी शहराची विनामूल्य फेरी आहे. इस्तंबूललाही तुर्की विमानकंपनी सहा ते चोवीस तास थांबणाऱ्या आपल्या परदेशगामी प्रवाशांना शहर दाखवून आणते. अर्थात बाहेर पडण्यासाठी भारतीय पासपोर्टधारकास त्या देशाचा व्हिसा लागतो की नाही, ह्याची चौकशी घरूनच करून निघावे. काही देशांत तर नुसत्या विमानबदलासाठीही परवाना मागतात.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. सबंध प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची व्यवस्था कंपनीने करावयाची असते. दोन निरनिराळी तिकिटे काढून चार पैसे वाचविले, तर ती जबाबदारी आपल्या गळ्यात येते. दुसरे असे की, विलंब झाल्यास प्रवाशाला हक्क असतात. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार अंतराप्रमाणे दोन ते चार तासांच्या विलंबानंतर खाणेपिणे, आणि रात्र काढावी लागल्यास निवास द्यावा लागतो. आपल्याकडेही विलंब ठरीव मर्यादेपलीकडे गेल्यास अल्पोपाहार देण्याचा नियम आहे. मागितल्यावाचून मात्र तो क्वचितच मिळतो. वृद्धांसाठी तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. पाय धड असले तरी नोंदवावी. कारण त्या खुर्चीबरोबर वाट दाखविणारा माणूस मिळतो.

शेवटी एका गावाची गोष्ट. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश बंद झाले, तेव्हा कॅनडातील गँडर ह्या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावी ३८ प्रवासी विमाने उतरविण्यात आली. साडेसहा हजारांहून अधिक माणसे काही दिवस तेथे अडकली. त्यांना पुरेल असा विश्रामकक्ष गावात कोठून असणार? लोकांनी शाळा उघडल्या, चर्च उघडली, घरांतली अंथरुणे आणली, स्वयंपाक केला. शाळेच्या बसचे चालक संपावर होते. तेही संप बाजूस ठेवून चाकावर बसले. पहिल्या वर्गाचा प्रवासी आणि शेवटच्या रांगेतला प्रवासी त्या रात्री एकाच छताखाली निजले.

सोलापूरच्या त्या बाईंना आमच्या घरातून म्हणाल्या, ‘‘मावशी, निजा तुम्ही. आम्ही जागे आहोत, वेळेवर उठवतो.’’ बाईंनी एकदा दोघांकडे निरखून पाहिले, पिशवी उशाशी घेतली, आणि त्या लोखंडी हातांच्या खुर्चीत अंगाचे मुटकुळे करून दोन मिनिटांत घोरू लागल्या. पहाटे पाच वाजता आम्ही त्यांस हलवून जागे केले. उठल्या उठल्या त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती पाणी.