शेवंतीच्या मळ्यातला ‘नायटा’

दसऱ्यापासून मार्गशीर्षातल्या गुरुवारांपर्यंत बाजारात शेवंतीची चलती असते. याच दिवसांत हात, मान आणि पापण्या खाजवून लाल झालेले रुग्ण माझ्या दवाखान्यात वाढतात. ‘डॉक्टर, नायटा झालाय’ असे सांगतच ते आत येतात. त्यांतल्या अनेकांना झालेली असते ती शेवंतीची अ‍ॅलर्जी.

शेवंती, झेंडू, सूर्यफूल, करडई ही सारी एकाच कुळातली झाडे. शेवंतीच्या पानांत, देठांत व फुलांत ‘सेस्क्विटर्पिन लॅक्टोन’ गटातील द्रव्ये असतात. काहींच्या शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना शत्रू मानू लागते. हे एका दिवसात होत नाही. कित्येक हंगाम निर्धास्तपणे फुले तोडल्यावर एखाद्या वर्षी त्रास सुरू होतो. त्यामुळे ‘मी तर २० वर्षे शेवंती लावतोय’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. शिवाय पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठते. सोमवारी तोडणी केली तर खाज बुधवारी, आणि दोष बिचाऱ्या वांग्याच्या भाजीला!

या पिकाला हातही फार लावावा लागतो. काश्या वेगळ्या करून लावायच्या, साधारण महिन्याने शेंडे खुडायचे, खुरपणी करायची. पुढे दिवस लहान होऊन फुलोरा आला की तोडणी. शेंडे खुडताना रस थेट बोटांना लागतो. शेतात पाऊल न टाकता घरी हार ओवणाऱ्या बायकांनाही हा त्रास होतो.

आता बांधाकडे पाहू. गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, हेही शेवंतीच्याच कुळातले. १९५० च्या दशकात पुणे परिसरात ते प्रथम ठळकपणे नजरेत आले आणि पुढे देशभर पसरले. त्यातले ‘पार्थेनिन’ वरच्याच गटातले द्रव्य आहे. वाळलेल्या गवताची भुकटी वाऱ्याबरोबर उडून चेहरा, मान व कोपराच्या घडीत बसते. ज्याला गाजरगवताची अ‍ॅलर्जी झाली, त्याला पुष्कळदा शेवंतीही सोसत नाही. म्हणून फुले तोडणे बंद केले, पण बांध तसाच ठेवला, तर आराम पडेलच असे नाही. हे गवत फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ज्याला आधीच त्रास आहे, त्याने या कामात पडूच नये.

नायटा बहुधा जांघेत, कमरेला, घाम साचतो तिथे होतो आणि त्याची कड गोल, उठावदार असते. अ‍ॅलर्जीचे पुरळ उघड्या भागावर जास्त असते. कपड्याखालची कातडी बरीचशी स्वच्छ राहते. दुसरा महत्त्वाचा फरक म्हणजे अ‍ॅलर्जी संसर्गजन्य नाही. या पुरळापायी सुनेचे ताट-वाटी वेगळे काढलेले मी पाहिले आहे. त्याची काडीचीही गरज नसते.

दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ‘नायट्याच्या’ ट्यूबचा मला खरोखर राग येतो. अशा अनेक ट्यूबांत स्टिरॉइड मिसळलेले असते. चार दिवस खाज थांबते, ट्यूब बंद करताच उसळते, म्हणून माणूस ती महिनोन्‌महिने चोळतो. चेहऱ्याची कातडी पातळ होते, उन्हात जळजळते. स्टिरॉइड वाईट नाही, पण कोणते, कुठे आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवावे.

तोडणीला लांब बाह्यांचा सदरा, रबरी मोजे व त्यांच्या आत सुती मोजे वापरावेत. काम संपताच हात, मान साबणाने धुऊन कपडे बदलावेत. त्रास फवारणीनंतरच होत असेल तर औषधाचे नाव आम्हाला सांगावे. कारण वेगळे असू शकते. शंका राहिल्यास त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर ‘पॅच टेस्ट’ करतात. पट्ट्या साधारण ४८ तासांनी काढतात. डोळे सुजून मिटले, पू झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. येताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणाव्यात, रिकाम्या असल्या तरी.