कुलपात ठेवलेला सूर

गिटारच्या ब्रिजला, म्हणजे तारांची खालची टोके धरणाऱ्या भागाला, जोडलेली दांडी दाबली की तारा सैल पडतात आणि सूर घसरतो. सोडली की तो जागेवर यायला हवा. 1954 साली फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर अशी दांडी आली, पण जोरात वापरली की तारा बेसूर व्हायच्या. तार नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत अडकायची, खुंटीवरचे वेढे सरकायचे. अमेरिकेतला फ्लॉइड रोज नावाचा वादक रॉक बँडमध्ये वाजवताना याच त्रासाने वैतागला होता. दागिने घडवण्याचा हात असल्याने 1976 च्या सुमारास त्याने पितळेचा नट बनवला आणि तारा तिथेच आवळून टाकल्या. पितळ झिजते म्हणून पुढे पोलाद आले, ब्रिजकडची टोकेही चिमट्यात गेली. 1979 मध्ये पेटंट मिळाले. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने ही यंत्रणा वापरली आणि ऐंशीच्या दशकात ती रॉक गिटारची ओळख बनली.

मला ही रचना मनापासून आवडते. म्हणूनच तिची दुसरी बाजू नवख्या वादकाला गिटार घेण्याआधी कळावी, असे वाटते.

इथे ब्रिज लाकडाला घट्ट बसवलेला नसतो. दोन खांबांवर धारदार कडांनी टेकून तो तराजूसारखा तरंगतो. एका बाजूला सहा तारांचा ताण, हलक्या सेटचाही जवळपास 38 किलो. दुसऱ्या बाजूला गिटारच्या पाठीत ताणलेल्या स्प्रिंगा. एक तार तुटली की स्प्रिंगांची ओढ वरचढ ठरते आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. स्थिर ब्रिजच्या गिटारवर पाच तारांवर गाणे निभावता येते. इथे तिथल्या तिथे थांबावे लागते. म्हणून मंचावर दुसरी गिटार तयार ठेवावी लागते.

तार बदलायचे कामही सोपे नाही. ॲलन की घेऊन नटचा चिमटा सैल करायचा, जुनी तार ब्रिजमधून सोडवायची, नव्या तारेचा टोकाचा मणी कापून ते टोक चिमट्यात आवळायचे. मग सूर लावायला बसायचे. पहिली तार लावून सहावीपर्यंत पोचावे, तोवर पहिली उतरलेली असते. असे चार-पाच फेरे होतात. नट आवळला की सूर पुन्हा किंचित हलतो आणि आता खुंट्या निरुपयोगी असतात. ब्रिजवरच्या बारीक स्क्रूंनी तेवढा फरक काढता येतो, पण त्यांची धाव थोडी.

सहावी तार एक स्वर खाली घेतली तरी बाकीच्या चढतात. जाड तारा लावल्या तर मागचे झाकण उघडून स्प्रिंगांचा ताण वाढवावा लागतो. एक तार बोटाने ओढली की शेजारच्या उतरतात. तळहात ब्रिजवर जोरात टेकला तरी सूर हलतो. वर्षानुवर्षांच्या वापराने ब्रिजच्या धारदार कडा बोथट झाल्या, तर सूर जागेवर येण्याची मूळ खात्रीच जाते.

यावर उपाय म्हणून अनेक जण ब्रिजच्या ठोकळ्याशी लाकडाचा तुकडा बसवून त्याचे मागे झुकणे बंद करतात. एडी व्हॅन हेलननेही आपला ब्रिज गिटारला टेकवून ठेवला होता. दांडी फक्त खाली जायची. असे केले की तार तुटली तरी बाकीच्या चढत नाहीत.

दोन्ही टोकांना कुलूप लावून सूर टिकतो, पण त्याच कुलपामुळे तो चटकन बदलता येत नाही. दांडीला रोज हात जाणार असेल तर ही मेहनत सार्थकी लागते. महिन्यातून एकदाच जाणार असेल, तर स्थिर ब्रिजची गिटार घ्यावी आणि वाचलेला वेळ रियाजाला द्यावा.